सत्तावीस वर्षांच्या बरण्या

"थांब जरा, आकडा चुकेल," सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न हलवता ती म्हणाली.

दादा दारातच उभा राहिला. बोटीवर आठ-दहा गड्यांना एका हाकेत जागेवर आणणारा माणूस. पण इथे, काचेच्या नळ्या आणि बाटल्यांच्या मध्ये, हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते मागे बांधले.

तिच्यापुढे काचेची थाळी होती. दर मंगळवारी संस्थेची होडी खाडीच्या तोंडाशी जाई, बारीक जाळीने पाणी गाळून आणी. त्या गाळातली माशांची अंडी मोजायची हे तिचं काम. अंडं म्हणजे मोहरीहून लहान, पारदर्शक, आत तेलाचा एक ठिपका. एक दिसलं की डाव्या हातातल्या यंत्राचं बटण दाबायचं. सत्तावीस वर्षं ती हेच करत आली होती. संस्थेत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची ती मोजणीबाई.

"अकरा," ती म्हणाली आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं. मग वळून भावाकडे पाहिलं. "बस की."

"डोळा काय म्हणतो?"

"झकास. सगळं घासूनपुसून ठेवल्यासारखं दिसतंय."

दोन महिन्यांपूर्वी त्यानेच तिला इस्पितळात नेलं होतं. मोतीबिंदू काढेपर्यंत बाहेरच्या बाकावर तीन तास बसून होता. वडील गेले तेव्हा हा चौदा वर्षांचा होता. शाळा सोडून बोटीवर चढला, म्हणून हिची शाळा सुटली नाही. सत्तावीस वर्षांत तो तिच्या कामाच्या जागी कधी आला नव्हता. आज का आला, हे तिला तो जिना चढतानाच कळलं होतं.

"अकरा म्हणजे बरी की वाईट?"

"मी लागले तेव्हा याच महिन्यात एका थाळीत चारशे-साडेचारशे निघायची."

"सोमवारी मासेमारीची समिती बसतेय. विणीचे चार महिने खाडीचं तोंड बंद करायचं म्हणतात. आम्ही काय करायचं मग, वाळूत नांगर टाकून बसायचं?"

"चारच महिने, दादा."

"चारच म्हणे. पोटाला सुट्टी असते का?" त्याने वहीकडे बोट दाखवलं. "या अकराच्या पुढे अजून एक एकाचा आकडा मांडलास तर कोणाला कळणार आहे? पेन्सिलच तर आहे."

तिला क्षणभर हसू आलं. लहानपणी प्रगतिपुस्तकावरचा आकडा त्याने असाच बदलला होता, आणि पकडला गेला होता.

"हे पाणी, अंडी नासू नयेत म्हणून फॉर्मेलिन घालून, परत बरणीत जातं," ती म्हणाली. "बरणी कारकून तळघरातल्या कोठारात ठेवतो. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या तिथे आहेत. उद्या कोणीही काढून मोजेल. माझी वही ही नुसती नक्कल. खरी वही खाली आहे."

"म्हणजे नाही."

"नाही."

तो उठला. दाराशी पोचल्यावर म्हणाला, "आई रविवारी वाट बघते. ये." आणि गेला.

सोमवारी समितीपुढे संचालकांनी भिंतीवर आलेख दाखवला. सत्तावीस वर्षांची एक रेघ, डावीकडे उंच, उजवीकडे जमिनीला टेकत आलेली. संचालक बोलले छान. समुद्र तापतोय, त्यात विणीच्या वेळी तळ खरवडणारी जाळी. मासा वाढायचा कुठून? ती त्यांच्या मागे खुर्चीवर बसली होती, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन. समोरच्या रांगेत बोटवाले होते. त्यांत दादा होता.

बोटवाल्यांचा वकील हळू आवाजात बोलणारा होता.

"आलेख सुरेख आहे. यातला प्रत्येक ठिपका या एकाच बाईंनी मोजलाय ना?"

"हो," संचालक म्हणाले.

"बाई, आपलं शिक्षण?"

"बारावी."

"ठीक. शिक्षणाचं काही नाही. पण गेली दोन-तीन वर्षं आपल्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे खरं का?"

संस्थेत तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं होतं. तिने दादाकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, जणू लाकूड पारखायला आला होता.

"एका डोळ्यात होता," ती म्हणाली. "मी दुसऱ्याने मोजायची."

मागे कोणीतरी हसलं. वकील हसला नाही. "म्हणजे अंडी कमी झाली, की बाईंना कमी दिसली, हे आपण कसं ठरवायचं?"

संचालक काही बोलणार, एवढ्यात ती उभी राहिली. गठ्ठा खुर्चीवर ठेवला.

"माझ्या डोळ्यावर जाऊ नका," ती म्हणाली. "बरण्या आहेत. तुम्ही म्हणाल त्या वर्षाची काढते. तुमचा माणूस आणा, त्याला मोजू द्या. मी खोलीतसुद्धा थांबणार नाही."

समितीच्या अध्यक्षांना हे पटलं. त्यांनी निरनिराळ्या वर्षांच्या बारा बरण्यांची यादी केली आणि एका सदस्याला तिच्याबरोबर पाठवलं. संस्थेच्या तळघराचा जिना उतरताना तिला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी ते कोठार बघायचंय.

तळघराच्या दाराला नवी काच बसवली होती. कोठाराच्या कारकुनाने किल्ली लावली. आत भिंती निळ्या रंगवलेल्या होत्या. छताला प्लास्टिकचा भला मोठा देवमासा टांगलेला होता, अजून पातळ कागदात गुंडाळलेला. एका भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'समुद्र वाचवूया'. मांडण्या नव्हत्या. बरण्या नव्हत्या.

"बरण्या कुठे हलवल्या?" तिने विचारलं.

"हलवल्या कुठे, काढून टाकल्या," कारकून म्हणाला. "तुम्ही रजेवर होतात बघा, तेव्हा. इथे आता लोकांसाठी दालन होतंय. फॉर्मेलिन धोक्याचं म्हणून कंत्राटदार बोलावला. दोन दिवस टेम्पो चालू होता. आतलं सगळं जाळायला नेलं, काच भंगारात. नंतर तुम्ही दिलेल्याही तशाच गेल्या."

"मला कोणी सांगितलं नाही."

"फलकावर कागद होता की पंधरा दिवस." मग तिचा चेहरा पाहून तो गडबडला. माणूस वाईट नव्हता. "एक आहे, बाई. थांबा."

त्याने आपल्या टेबलावरून एक बरणी आणली. तिच्यात पेनं आणि एक कात्री होती. त्याने ते सगळं बाहेर काढलं आणि बरणी तिच्या हातात दिली. तारीख लिहिलेली आतली चिठ्ठी नव्हती. बरणी स्वच्छ धुतलेली होती, साबणाचा वास येत होता.

"ही कोणत्या वर्षाची?" सदस्याने विचारलं.

"सांगता येणार नाही," ती म्हणाली.

बरण्या काढून टाकण्याची फाईल संध्याकाळी संचालकांच्या टेबलावर निघाली. मंजुरीखाली त्यांचीच सही होती.

"अहो, दिवसाला चाळीस कागद येतात माझ्यापुढे," ते म्हणाले. "'जुन्या नमुन्यांची विल्हेवाट' एवढंच लिहिलंय. मला वाटलं, फुटक्या नळ्याबिळ्या असतील."

"सर, सत्तावीस वर्षं होती ती."

"कळतंय मला. आकडे संगणकात आहेत ना पण?"

"आकड्यांवरच त्यांचा विश्वास नाही. म्हणून तर बरण्या मागितल्या."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. तिच्याच आकड्यांवर त्यांचे बारा लेख छापून आले होते. दोन लेखांच्या शेवटी, आभारांच्या ओळीत, 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' असा तिचा उल्लेखही होता. "मला फार वाईट वाटतंय," ते म्हणाले. मग चष्मा लावत म्हणाले, "आणि हे बघा, पुढच्या महिन्यात दालनाचं उद्घाटन आहे. तोवर याची बाहेर वाच्यता नको."

समितीचा निर्णय अर्ध्या पानाचा आला. पुरावा तपासता येत नाही. पाच वर्षं नव्याने अभ्यास करावा. तोपर्यंत खाडी खुली राहील.

त्या रविवारी ती आईकडे गेली. वहिनीने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही.

"पाण्यात राहून माशाशी वैर करायचं, आणि वर पाहुणचाराला यायचं," ती म्हणाली. "ज्याने शिकवलं त्याच्याच पोटावर पाय. डोळा उघडून दिला तोही त्यानेच."

"वहिनी, आईला बघून जाते."

"झोपल्यात त्या."

आतून आईच्या खोकण्याचा आवाज आला. दोघींनीही तो ऐकला आणि दोघीही तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी दादा बाहेर आला, बायकोला आत जा म्हणाला आणि बहिणीबरोबर फाटकापर्यंत चालत गेला.

"मोतीबिंदूचं तू सांगितलंस," ती म्हणाली.

"हो."

तिला वाटलं होतं, तो कानावर हात ठेवेल. मग भांडता आलं असतं.

"तुला खरंच वाटतं, मला कमी दिसलं म्हणून?"

"नाही." त्याने फाटकाची कडी काढली, परत लावली. "मला काय सांगतेस. आधी एका खेपेला भरायचं ते जाळं आता चार खेपांना भरत नाही. तुझ्याआधी मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय. मी थांबलो तर बाकीचे थांबणार आहेत का? मी सोडलेला मासा शेजाऱ्याच्या जाळ्यात जाणार. सगळे बुडणारच आहेत तर मी एकट्याने आधी का बुडायचं?"

तिच्याकडे याला उत्तर होतं, पण ते समितीच्या कागदावर यायला हवं होतं, म्हणजे सगळेच थांबले असते.

"थोडे दिवस येऊ नकोस," तो म्हणाला. "ही शांत होऊ दे. आईला सांगतो काहीतरी."

ती घरी चालत गेली. वाटेत दोनदा तिला वाटलं, परत फिरावं आणि खिडकीतून आईला हाक मारावी. ती फिरली नाही. चार महिन्यांनी आई गेली तेव्हा शेजारच्या बाईने फोन केला. दादा दारात तिच्या गळ्यात पडून रडला. पण ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

समितीच्या निर्णयापासून बंद असलेली होडी त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा पाणी घेऊन आली. मोजणीबाईने थाळी भरली, तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत गेली. सहा. पुन्हा एकदा सुरुवातीपासून गेली. सहाच. तिने थाळीतलं पाणी बरणीत ओतलं, वर फॉर्मेलिन घातलं आणि चिठ्ठीसाठी कागद कापला.

कारकून नवी नोंदवही घेऊन आला. "संचालक म्हणाले, नवा अभ्यास, नवी वही. आजपासून पहिला क्रमांक. पाच वर्षं चालायचंय म्हणे." मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "तुमची नोकरीची किती वर्षं राहिली, बाई?"

"दीड."

तिने पेन्सिलीला टोक काढलं. शाई फॉर्मेलिनमध्ये उतरते, पेन्सिल राहते. चिठ्ठीवर तिने तारीख लिहिली, खाडीचं तोंड लिहिलं, आणि खाली क्रमांक लिहिला: तेराशे अठ्ठेचाळीस.

कारकुनाने वाकून वाचलं. "अहो बाई, साठ्यात ही एकच बरणी आहे."

"हो," ती म्हणाली.

तिने चिठ्ठी बरणीत सोडली, झाकण घट्ट फिरवलं. ठेवायला जागा कुठेच नव्हती, म्हणून आपल्याच टेबलाखाली ठेवली. मग खाली वाकून, कुणाचा पाय लागू नये म्हणून, भिंतीकडे सरकवली.