एकोणीसशे सतराची बंदूक

दोहातल्या एका खासगी संग्रहालयात चैत्राली जुन्या धातूच्या वस्तू तपासायची. मालक उसामा यांनी आजोबांची रायफल तिच्यासमोर ठेवली आणि कॅटलॉगचा मजकूरही सांगून टाकला: १९१७ची, पूर्णपणे मूळची, आजोबांनी तरुणपणापासून विहिरीच्या राखणीला वापरलेली.

तिनं भिंग लावलं. दस्त्याजवळच्या लोखंडावर ब्रिटिश मुकुटाच्या छापाखाली १९१७ स्पष्ट होतं. पण गोळी भरताना मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टवरचा नंबर मुख्य भागावरच्या नंबराशी जुळत नव्हता. नळीवर चव्वेचाळीस सालचा शिक्का होता. पुढच्या लाकडात आरपार आडवा स्क्रू होता, तसा भारतात ईशापूरच्या बंदुकांच्या कारखान्यात घालत.

"सर, मुख्य भाग सतरा सालचाच आहे," ती म्हणाली. "पण ही बंदूक या रूपात चव्वेचाळीसच्या आधी नव्हती. भारतात जुळवलेली आहे. मी 'मूळची' असं लिहिणार नाही."

उसामा यांचा चेहरा उतरला. घरात तीन पिढ्या हीच गोष्ट सांगत आल्या होत्या. चैत्रालीनं आवाज चढवला नाही की शब्दही मागे घेतला नाही. आजोबांना खोटं ठरवत नाही, पण ही बंदूक कुठून आली ते घरातल्या कुणाला तरी माहीत असेल, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या आत्याला, ऐंशी ओलांडलेल्या जैतूनना, घेऊन आले. चैत्राली मुंबईची आहे कळताच आत्या थेट हिंदीत बोलू लागल्या. वडील, म्हणजे उसामांचे आजोबा, मोत्यांचे व्यापारी, त्यामुळे लहानपणी त्या मुंबईत राहिल्या होत्या. चैत्रालीनं त्यांना शिक्के दाखवले. आत्यांनी नळीवरून हात फिरवला.

"पहिली बंदूक समुद्रात आहे," त्या म्हणाल्या. "मुंबईला जाताना बोटीवर माझा पाय घसरला. मला धरायला अब्बांनी ती सोडून दिली."

मुंबईत वडिलांनी तशीच दुसरी मिळवली. राखण करणाऱ्याच्या हातातून बंदूक सुटणं लाजेचं, ते कुणाला कळू नये, म्हणून मुलीला गप्प राहायला सांगितलं. ती आजपर्यंत गप्प राहिली होती.

चैत्रालीनं ते इंग्रजीत उसामांना सांगितलं. त्यांनी आत्याचा हात हातात घेतला, कपाळाचं चुंबन घेतलं. मग म्हणाले, दोन्ही सालं लिहा, मुंबई लिहा, बोटीवरचा प्रसंगही लिहा.

त्याच दुपारी तिनं मजकूर वाचून दाखवला. बोटीचं नाव राहिलं म्हणून आत्यांनी तो पुन्हा लिहायला लावला.