नेटची वायर

कॉम्प्युटर पुन्हा अडकला तेव्हा रचना छापखान्याला फाईल पाठवत होती. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. आतल्या पंख्याची घरघर तेवढी चालू राहिली. तिनं बटण दाबून धरून मशीन बंद केलं, परत चालू केलं, ब्राउझर उघडला, आणि ईमेलचं पान अर्धं वर येतंय तोवर सगळं परत थिजलं.

कडोलीतल्या या घरात तो कॉम्प्युटर तिच्या आधीपासून होता. तिच्या नवऱ्यानं, युवराजनं, डिप्लोमाला असताना घेतलेला. आता युवराज रोज सकाळी बेळगावला कारखान्यात जाई आणि मशीन रचनाच्या ताब्यात असे. बेळगावातल्या एका छापखान्याचा मराठी मजकूर ती घरबसल्या टाईप करून, पानं लावून देई. गणपती तोंडावर आले होते. मंडळांच्या अहवालांचा ढीग पडला होता, आणि मशीननं नेमका आत्ताच असा छळ मांडला होता.

तिला जमेल ते सगळं तिनं करून बघितलं होतं. साठलेला कचरा पुसला, नको ते प्रोग्रॅम काढले, ब्राउझर नवा घातला. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या. पंख्यातली धूळ रंगाच्या जुन्या ब्रशनं झाडली. त्या दिवशी मशीन तासभर बरं चाललं आणि तिला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी पावसाची झड लागली आणि परत तेच.

शेवटी तिनं सौम्याला फोन लावला. सौम्या तिची कॉलेजातली मैत्रीण, बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती.

"टायपिंग करताना अडकतंय का?" सौम्यानं विचारलं.

"न्हाय. दिवसभर टाईप करू दे, काय होत न्हाय. नेट उघडलं की झालं."

"मग एक कर. नेटची वायर काढ आणि मोबाईलचं नेट जोडून ब्राउझर चालव बघू."

रचनानं तसं केलं. कॉम्प्युटरच्या पाठीतून केबलवाल्याची जाड काळी वायर उपसली, मोबाईल जोडला आणि एकामागून एक पानं उघडत गेली. बातम्या, ईमेल, व्हिडिओ. सगळं हळू, पण कुठं अडकलं नाही. तिचा विश्वास बसेना.

"चाललं गं!"

"मग मशीनचा दोष न्हाय. वायरीतनं काय तरी येतंय," सौम्या म्हणाली. "पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का तुला?"

"कधी कधी येतात. वायर घातलेली असली की. जुनं मशीन म्हणून मी काय मनावर घेतलं न्हाय."

"पायात काय असतंय तुझ्या?"

"स्लीपर. फरशी गार असते ना."

सौम्याचा आवाज बदलला. "घरात टेस्टर आहे? वायर परत घाल, आणि पेटीच्या स्क्रूला टेस्टर लावून बघ. स्लीपर काढू नको. आणि वायर धरताना फक्त प्लास्टिकला धर."

टेस्टर युवराजच्या खणात होता. रचनानं वायर परत खोचली आणि टेस्टरचं टोक पेटीच्या मागच्या स्क्रूला टेकवलं. मुठीतला छोटा दिवा लाल पेटला.

"पेटला," ती म्हणाली. "म्हंजे मशीनमध्येच करंट उतरलाय."

"मशीनचा प्लग भिंतीतनं उपसून काढ. मग लाव."

रचना वाकली आणि तिनं प्लग ओढला. पंखा थांबला. पडदा काळा झाला. खोलीत एकदम शांत झालं. तिनं टेस्टर परत त्याच स्क्रूला लावला.

दिवा पेटलेलाच होता.

ती बघतच राहिली. तिनं हातातल्या प्लगकडं बघितलं, मग टेस्टरकडं, मग परत प्लगकडं. ज्या यंत्राला कुठूनच वीज मिळत नव्हती, त्याच्या अंगात वीज होती. तिनं नेटची वायर प्लास्टिकला धरून उपसली. पेटीवरचा टेस्टर विझला. वायरीच्या टोकाच्या पत्र्याला टेस्टर लावला, तसा दिवा आधीपेक्षाही लख्ख पेटला.

"सौम्या," ती हळूच म्हणाली, "करंट बाहेरनं येतोय. ह्या वायरीतनं."

"वायर कुठनं आलीय तुमच्याकडं?"

वायर खिडकीतून आत आली होती. खिडकीच्या वर ती भिंतीला चिकटून गच्चीवर जात होती, आणि तिथून पुढं रस्त्याकडं. वायरीच्या पोटात आधाराला लोखंडी तार होती, आणि केबलवाल्या सौरवनं ती तार बांधायला दुसरं काही नव्हतं म्हणून गच्चीवरच्या लोखंडी खांबाला आवळून टाकली होती. बांधताना रचना तिथंच उभी होती. तिनंच त्याला चहा दिला होता.

त्याच खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती.

वरून लोखंडी बादली सिमेंटवर टेकवल्याचा आवाज आला.

रचनाच्या हातातला फोन कुठं पडला ते तिला कळलं नाही. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई यशोदाबाई, वर होत्या. पाऊस जरा थांबला म्हणून त्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. नेहमीसारख्या अनवाणी. जिना चढताना रचनाच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. गेला महिनाभर आत्याबाई सांगत होत्या. "तारेला हात लावला की मनगटापातुर मुंग्या येतात गं. कधी कधी कुणीतरी हात हिसडल्यागत होतंय." युवराजनं त्यांना डॉक्टरकडं नेलं होतं. शुगर होती, वय होतं. डॉक्टरांनी शिरांच्या गोळ्या दिल्या होत्या. परवा त्या परत म्हणाल्या तेव्हा रचनाच म्हणाली होती, "आत्याबाई, गोळ्या वेळेवर घ्या, जाईल." त्यानंतर त्या काही बोलल्या नव्हत्या.

गच्चीचं दार उघडं होतं. तारेवर एक ओलं लुगडं आधीच पडलं होतं. त्याचा पदर खाली साचलेल्या पाण्यात लोळत होता. यशोदाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि पिळलेली जाड चादर दोन्ही हातांनी उचलून तारेवर टाकायच्या बेतात होत्या.

"हात लावू नका!"

रचना इतकी जोरात ओरडली की पलीकडच्या घरातली बाळाबाई बाहेर आली. यशोदाबाई जागीच थांबल्या. सून त्यांच्याशी या आवाजात कधी बोलली नव्हती. चादर त्यांच्या हातात तशीच उंच राहिली आणि तिच्यातलं पाणी कोपरावरून ठिबकत राहिलं.

"काय झालं गं?"

"चादर खाली सोडा. तारेला लागू देऊ नका. खाली सोडा म्हणते ना!"

यशोदाबाईंनी चादर सोडली. ती त्यांच्या पायाशी पडली.

"आता तिथंच थांबा. पाण्यात पाय टाकू नका. भिंतीकडनं या, कोरड्यातनं. खांबाला धरू नका. माझ्याकडं बघत या."

यशोदाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं आणि भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल टाकत त्या आल्या. दाराशी पोहोचल्या तशी रचनानं त्यांना दोन्ही दंडांना धरून आत ओढलं. त्या एवढ्या हलक्या लागल्या की तिला भीती वाटली. मग दार लावून कडी घातली.

"तारेत करंट आहे, आत्याबाई."

"कसला करंट?"

"विजेचा. कॉम्प्युटरच्या वायरीतनं आलाय. तुमच्या हाताला त्याचंच होत होतं."

यशोदाबाईंनी आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघितलं.

खाली येऊन रचनानं मेन स्विच पाडला. सगळं घर बंद झालं. फ्रीजचा आवाज थांबला, देवघरातला छोटा दिवाही गेला. आता संपलं, असं तिला वाटलं. तरी खात्री असावी म्हणून ती परत वायरीजवळ गेली आणि टेस्टर लावला.

लाल दिवा पेटला.

तिनं टेस्टर काढला. परत लावला. परत पेटला. घरात कुठंच वीज नव्हती आणि तिच्या टेबलावर पडलेल्या वायरीत होती. जी गोष्ट बंद करता येते असं ती आजवर धरून चालली होती, ती बंद होत नव्हती. ती खुर्चीवर बसायला गेली आणि बसता बसता उठली. खुर्चीचे पाय लोखंडी होते.

फोन टेबलाखाली सापडला. सौम्या अजून लाईनवर होती आणि ओरडत होती, "रचना! हॅलो! रचना!"

"आहे. आत्याबाई बऱ्या आहेत. पण मेन बंद केला तरी येतोय गं."

"मग लाईनमनला बोलव. आत्ताच. आणि कुणालाच वर जाऊ देऊ नको."

लाईनमन यल्लाप्पा गावातलाच होता. तो येईपर्यंत रचना जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. यशोदाबाई तिच्या शेजारी बसल्या. बाहेर बाळाबाई विचारत होती काय झालं, आणि कुणी तिला नीट सांगत नव्हतं.

यल्लाप्पानं खालूनच मान वर करून बघितलं. रस्त्यावरच्या खांबावरून घराकडं येणाऱ्या विजेच्या वायरीवरच केबलची वायर आडवी पडली होती. वाऱ्यानं ती हलत होती, आणि जिथं दोन्ही एकमेकींना लागत होत्या तिथं केबलच्या आधाराच्या तारेनं विजेच्या वायरीचं वरचं कवच घासून टाकलं होतं. आतलं ॲल्युमिनियम पांढरं चमकत होतं.

"वयनी, मेन पाडून काय उपयोग न्हाय," तो म्हणाला. "ही वायर मीटरच्या आधीची. डायरेक्ट खांबावरची." तो फोनवर कुणाशी तरी कन्नडमध्ये बोलला आणि सायकल मारत ट्रान्सफॉर्मरकडं गेला. थोड्या वेळानं अख्खी गल्ली बंद झाली. मग तो परत आला, शिडी लावून चढला आणि केबलची वायर कापून खाली टाकली. ती अंगणात वेटोळं करून पडली. कोंबड्या पांगल्या.

खाली उतरल्यावर त्यानं विचारलं, "वर कपडे कोण घालत हुतं?"

"मी," यशोदाबाई म्हणाल्या.

"पायात काय?"

"काय न्हाय."

यल्लाप्पानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. "कवच पुरतं गेलेलं नव्हतं म्हणून, मावशी. रोज थोडं थोडं घासत गेलंय. आज…" तो थांबला. "आज पुरतं गेलंय."

युवराजला फोन गेला तेव्हा तो कामावर होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो आला. आल्या आल्या गाडी उभी करायच्या आधीच ओरडायला लागला. सौरवला बोलवा, त्याचं कानफाड फोडतो, त्याला पोलिसात देतो. यशोदाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला सांग रं, दे शिव्या. पण आधी बस इथं."

तो बसला.

"मी तुमाला महिनाभर सांगत हुते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, माझंच काय तरी व्हायलंय. रातीला हात उशीखाली घेऊन निजायची. म्हटलं, आता हातबी जाणार, मग ह्यांच्यावर भार."

रचना शेगडीपाशी उभी होती. दूध उतू जायला आलं तरी तिनं गॅस बंद केला नाही. शेवटी यशोदाबाईच उठल्या आणि बटण फिरवून बंद केलं.

दुपार कलल्यावर सौरव आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता. युवराजनं शिव्या दिल्या, तो ऐकून घेत राहिला. मग त्याला रडूच फुटलं. "आण्णा, ह्या गल्लीत मी अशाच वायरी सगळीकडं बांधल्यात," तो म्हणाला. "खांबांना, पत्र्यांना." त्याच क्षणी रचना चप्पल घालून बाहेर पडली. सौरव तिच्यामागं, आणि वाटेत हाक मारून घेतलेला यल्लाप्पाही. गल्लीतल्या प्रत्येक दारात तिनं तेच सांगितलं, की आज कुणी गच्चीवर जाऊ नका. सांगताना तिचा आवाज मधेच चिरकायचा. यल्लाप्पानं गल्लीची वीज बंदच ठेवली आणि सौरवनं दिवस मावळेपर्यंत एकेक वायर काढली. बाळाबाईच्या गोठ्याच्या पत्र्यावरची वायर काढताना तिथल्याही विजेच्या वायरीला घासल्याची खूण दिसली, फक्त वरवरची. ती बघून बाळाबाई अंगणात मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी छापखान्याला फाईल मोबाईलच्या नेटवरून गेली. यल्लाप्पानं विजेची नवी वायर ओढून दिली, टेस्टर लावून दाखवला, परत परत दाखवला. तरी रचनाला नळाची तोटी धरवेना. दाराची कडी लावताना ती आधी हाताची पाठ टेकवून बघे.

कपडे वाळत घालायची वेळ झाली तेव्हा तिनं बादली उचलली. यशोदाबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"आत्याबाई, मी घालते."

"नको. तूबी चल."

दोघी वर गेल्या. जुनी तार काढून टाकलेली होती. युवराजनं सकाळी जाताना दोन भिंतींमध्ये नायलॉनची निळी दोरी बांधली होती. यशोदाबाई दोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पायात त्यांनी रचनाच्या स्लीपर घातल्या होत्या, त्या त्यांना मोठ्या होत होत्या. बराच वेळ त्या दोरीकडं बघत राहिल्या. मग एक बोट पुढं केलं आणि दोरीला लावलं.

"काय न्हाय," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.