दोन बोटं पाणी

वॉली गॅरडने मरिनाच्या कचेरीला पाठवलेलं चौदावं पत्र आधीच्या तेरा पत्रांइतकंच उद्धट होतं. गोदीच्या तोंडाशी असलेल्या उंबरठ्यावर तुम्ही गुपचूप सिमेंट ओतलं आहे, त्यामुळे माझी नाव आत कोंडली गेली आहे, तेव्हा ते सिमेंट मुकाट्याने फोडून काढा, असा मजकूर. सही मात्र झोकदार. एकोणऐंशीव्या वर्षी भांडायला कुणीतरी सापडलं की माणसाचं अक्षरसुद्धा सुधारतं.

उंबरठा म्हणजे गोदीच्या तोंडाशी आडवी घातलेली काँक्रीटची बुटकी भिंत. ओहोटीला बाहेरची खाडी पार चिखलापर्यंत सुकते, पण ह्या भिंतीमुळे आत पाणी अडून राहतं आणि नावा तरंगत्या राहतात. बाहेर पडायचं तर भरतीचं पाणी उंबरठ्यावर चढेपर्यंत थांबायचं. वॉलीची 'डनलिन' जुनी, लाकडी आणि जड. तिला साधी भरती कधीच पुरली नाही, उधाणच लागायचं.

एकतीस वर्षं वॉली आणि त्याची बायको एनिड ह्याच नावेवर राहिले. जमिनीवर त्यांचं काहीच नव्हतं. दर उन्हाळ्यात उधाण साधून दोघं बाहेर पडायची, एनिड सुकाणूवर आणि वॉली पुढे उभा राहून तिच्यावर ओरडत. मग चार वर्षांपूर्वी एनिड आजारी पडली. तेव्हापासून 'डनलिन' जागची हलली नाही, आणि एनिड गेल्यावर हलवण्यात राम उरला नाही. तेवढ्यात मरिना एका कंपनीने विकत घेतली. कंपनीला गोदी नव्याने बांधायची होती. ऑक्टोबरअखेर सगळ्या जुन्या नावा बाहेर काढा, राहतील त्या जागेवरच तोडल्या जातील, अशी नोटीस लागली.

वॉलीच्या पुतण्याच्या शेताला लागून नदीत एक चिखलाची खाच होती. तिथे नाव लावून उरलेले दिवस काढावेत, एवढंच त्याला हवं होतं. एप्रिलच्या उधाणाला तो निघाला, आणि उंबरठ्यावर 'डनलिन' धप्पकन बसली. मे महिन्यात पुन्हा तेच. जूनमध्ये त्याने क्रेनवाल्याला बोलावलं. क्रेनवाल्याने बाहेरून फळ्या ठोकून पाहिल्या आणि मान हलवली. पट्ट्यात घालून उचलली तर मधोमध मोडेल, म्हणाला. राहिलं फक्त पाणी. आणि पाणी चोरलंय कंपनीने, हे वॉलीच्या डोक्यात पक्कं बसलं.

चौदाव्या पत्रानंतर मॅनेजरबाई स्वतःच आली. जॉर्जिना पेल तिचं नाव, वय फार तर तिशीचं. भर ओहोटीला, गुडघाभर बूट चढवून ती उंबरठ्यापाशी उतरली. हातात जुना नकाशा.

"मिस्टर गॅरड, मापाच्या फितीचं एक टोक तुम्ही धरा. नाहीतर उद्या म्हणाल मी फसवलं."

"ते तसंही म्हणणारच आहे," वॉली म्हणाला, पण टोक धरलं.

भिंतीत एक पितळी खिळा होता, गोदी बांधली तेव्हाचा. खिळ्यापासून उंबरठा अकरा फूट दोन इंच खाली, असं नकाशात लिहिलेलं. फीतही तेच म्हणाली.

"फीत खोटी आहे."

"फीत तुमचीच आहे."

वरून केन थर्लो खो-खो हसला. केन वॉलीचा शेजारी, बसचालक म्हणून निवृत्त झालेला, दुसऱ्याच्या भांडणाला खुर्ची टाकून बसणारा. आज खरोखरच खुर्ची टाकली होती.

"आणि हे बघा," जॉर्जिनाने उंबरठ्यावर बुटाचं टोक घासलं. सगळीकडे शिंपल्यांचा खडबडीत थर होता. "नवं सिमेंट कुठे आहे? ही शिंपली काय मी गोंदाने चिकटवली?"

वॉली फीत गुंडाळायला लागला.

"वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण पुढच्या शनिवारी आहे. दुपारी साडेबाराला इथे साडेपाच फूट पाणी असेल. तुमची नाव पाण्याखाली पाच फूट. जायला हवी."

"पाच फूट कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. दर वर्षीच्या फॉर्मवर तुमच्याच अक्षरात आहे."

हे खरं होतं. एकतीस वर्षं त्या रकान्यात तो पाच फूट लिहीत आला होता. नाव बांधणाऱ्याच्या पत्रकात तो आकडा होता, म्हणून लिहायचा. गोदीतले सगळेच तसं करतात. आपल्या नावेखाली फीत घेऊन कोण जातं? लग्नातलं वजन सांगणाऱ्या बायकांना हसतात हे लोक, आणि स्वतः नावेचं लग्नातलं वजन सांगत फिरतात.

त्या संध्याकाळी वॉली लहान होडीत बसून 'डनलिन'च्या नाकाशी गेला. पाण्याच्या वर निळ्या रंगाची रेघ होती. नाव इथवर बुडते, ह्या खुणेची. पण ही रेघ मुळातली नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माणसं नावेवर राहायला लागली की सामान वाढतं, नाव खाली बसते, रेघेवर शेवाळ चढतं. मग वसंतात रंग देताना रेघ थोडी वर घ्यायची. एनिड डबा धरून उभी राहायची आणि म्हणायची, "घे अजून बोटभर वर, कोण बघतंय." तीनदा त्यांनी रेघ वर घेतली. इथे कुणी त्याला बुडणं म्हणत नाही. नाव संसाराला लागली, म्हणतात.

सुताराने मात्र नाव बांधतानाच फळ्यांत एक खाच कोरून ठेवलेली असते, खऱ्या रेघेची. वॉलीने बाही वर सारली आणि हात पाण्यात घातला. पंजा बुडाला, मनगट बुडालं, तरी खाच लागेना. मनगटाच्या बऱ्याच वर पाणी आलं तेव्हा बोटांना ती सापडली. पुरी वीतभर खाली, आणि शनिवारच्या पाण्यात मोकळी जागा होती अर्धा फूटच.

तो बराच वेळ तसाच, हात पाण्यात घालून बसला. सहा महिने तो एका पोरीला चोर म्हणत होता.

"काय रे, मासे पकडतोयस?" केनने वरून विचारलं.

"पाच बोटं," वॉली म्हणाला. "पाच बोटं वर आली तर जाईल."

"मग संसार उतरव, गड्या. दुसरं काय."

आठवडाभर दोघांनी नाव रिकामी केली. साखळदंड, पाण्याच्या टाक्या, कोळशाची शेगडी. डोलकाठीसुद्धा उतरवली. एनिडचं शिलाईमशीन केनने छातीशी धरून आणलं आणि वाटेत दोनदा टेकवलं. विश्वकोशाचे बावीस खंड, त्यातला नववा कधीच नव्हता. जांभळ्या आलुबुखारांच्या जॅमच्या चाळीसेक बरण्या, प्रत्येकीवर एनिडच्या हातचं वर्ष. शेवटच्या बरणीवरचं वर्ष ती आजारी पडली त्याच्या आदल्या शरदातलं.

"ही फेकू नकोस," वॉली म्हणाला.

"फेकतोय कोण? खातोय." पण केनने ती उघडली नाही, इतरांच्या रांगेत नीट ठेवली.

फक्त लोखंडाचा जड कणा तेवढा राहिला. तो तळाला बाहेरून ठोकलेला, त्याला हात लावण्यासारखं नव्हतं. धक्क्यावर ताडपत्रीखाली एकतीस वर्षांचा ढीग लागला. माणूस जिवंत असताना त्याचं घर असं उघड्यावर मांडू नये. येणारेजाणारे थांबून बघत होते आणि वॉलीला कुणाकडे मान वर करून बघवत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, मोठ्या उधाणाच्या आदल्या दिवशी, त्याने रेघ पाहिली. नाव वर आली होती, पण तीनच बोटं.

तरी त्याने इंजिन सुरू केलं. 'डनलिन' सरळ गेली, नाक उंबरठ्यापार गेलं, आणि मग तळातून तो ओळखीचा धक्का आला. वॉलीने इंजिन उलटं फिरवून नाव मागे घेतली. केनने पुढून बांबू पाण्यात घालून पाहिलं.

"उद्या पाणी आणखी चढेल ना?"

"थोडं."

"पुरेल?"

"नाही," वॉली म्हणाला. "दोन बोटं कमी पडतील."

शनिवारी सकाळी तो रिकाम्या नावेत एकटाच उतरला. काढण्यासारखं अजून काय राहिलं? झोपायच्या फळ्याही गेल्या होत्या. त्याने मधल्या जमिनीच्या फळ्या उचलल्या, तळात कुठे पाणी साठलंय का ते बघायला.

खाली सिमेंट होतं.

करडं, गुळगुळीत, नावेच्या पोटात टोकापासून टोकापर्यंत भरलेलं. एका जागी बुटाच्या टाचेचा ठसा. वॉली गुडघ्यांवर बसला. त्याला सगळं एकदम आठवलं. नाव गळत होती, सुताराला बोलावणं परवडत नव्हतं, म्हणून ह्या खाडीतले जुने लोक करतात तेच त्याने केलं होतं. एनिड धक्क्यावर सिमेंट कालवत होती, तो बादल्या खाली घेत होता. ओलं असतानाच तिचा पाय पडला. "राहू दे," ती म्हणाली होती, "माझी सही." त्याच उन्हाळ्यात तिला बरं वाटेनासं झालं, आणि नाव पुन्हा बाहेर गेलीच नाही.

आठवडाभर त्याने सामान मोजलं, पण हे मोजलं नाही. हे त्याला सामान वाटलंच नव्हतं, दुरुस्ती वाटली होती. उंबरठ्यावर चोरून सिमेंट ओतल्याची चौदा पत्रं त्याने ह्याच फळ्यांवर बसून लिहिली होती.

साडेनऊ वाजले होते. साडेबाराला उधाण. दोन बोटांपुरतं सिमेंट काढायला तीन तास पुष्कळ झाले. त्याने केनला हाक मारली आणि हातोडा, छिन्नी घेतली. टाचेच्या ठशापासून दूर, एका कोपऱ्यात घाव घालायला सुरुवात केली. चौथ्या घावाला तुकडा सुटला. त्याच्याखाली फळी असायला हवी होती. काळा, मऊ लगदा होता, आणि त्यातून पाणी उसळून वर आलं.

"वॉली, थांब," केन म्हणाला.

"अजून थोडं."

"थांब म्हणतो ना. खाली लाकूड नाहीये. हे सिमेंटच तुझा तळ आहे."

वॉलीने कोट काढून भोकावर दाबला आणि त्यावर दोन्ही हातांनी भार दिला. केन चिखलमाती, चिंध्या, पाचर शोधायला धावला. सिमेंट ठेवलं तर नाव इथून जात नाही, काढलं तर इथेच बुडते. इतकं सोपं होतं ते. चार वर्षांपूर्वी एनिडने त्याला एवढ्याकरता मदत केली होती.

भोक बुजवून होईपर्यंत दुपार झाली. वॉली ओल्या कपड्यांनी वर आला. पाणी उंबरठ्यावर काठोकाठ होतं, जराही न हलता. आतल्या दोन-तीन नावा रांगेने बाहेर पडत होत्या. एकीवरून कुणीतरी त्याला हात केला आणि त्यानेही सवयीने हात वर केला. मग पाणी मागे फिरलं. चारच्या सुमारास उंबरठ्याच्या कडेची शिंपली दिसायला लागली.

जॉर्जिना सोमवारी आली. ताडपत्रीच्या ढिगाला वळसा घालून ती त्याच्याजवळ उभी राहिली. हातात कागद होता.

"मला वाईट वाटतं, मिस्टर गॅरड."

"तुझं माप बरोबर होतं, पोरी. मी ते लिहून देणार होतो. पंधरावं पत्र."

"त्याची गरज नाही. ही फक्त संमती आहे, नाव तोडायची. सही करा, बाकी मी भरते."

त्याने कागद घेतला. नावेचं नाव. लांबी. पाण्याखाली किती.

"तिथे जुनाच आकडा टाका," ती म्हणाली. "तोडायच्या नावेचं कोण बघतं."

"फीत आहे?"

ती होडीत उतरली आणि तिने फितीचं टोक पाण्यात सोडलं. वॉलीने वरून दुसरं टोक धरलं. खाली लोखंडी कण्याला लागेपर्यंत दोघं सावकाश फीत सरकवत राहिली. मग तिने आकडा वाचला, आणि त्याच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा वाचला.

वॉलीने कागद मांडीवर घेतला. पाच फूट सात इंच, असं त्याने त्या झोकदार अक्षरात लिहिलं. थोडं थांबून, कुणी विचारलं नसताना, शेजारी आणखी एक शब्द लिहिला: रिकामी.