पाण्याखालच्या शिवेचे गाऱ्हाणे

ताम्हिणीच्या विंझाईपुढे कोंडाजीने माथा टेकला, तो बराच वेळ उचललाच नाही. मागे उभी असलेली त्याची धाकटी बहीण तुळजाबाई अखेर म्हणाली, “दादा, निजलास का काय? पुजारी म्हणंल, म्हातारा हितंच मुक्कामाला आला.”

“उठवतंय कुटं,” कोंडाजी म्हणाला, आणि खांबाचा आधार घेत उभा राहिला.

तो या मुलखाचा निरोप घेण्यासाठी आला होता. मुळशीच्या धरणाने त्याचे शिळेवाडी गाव पोटात घेतले, त्याला तीस वर्षे होऊन गेली. माणसे वाट फुटेल तिकडे पांगली. कोंडाजी भीमथडीला गेला आणि तिथल्या काळ्या मातीत त्याचे मुलगे रुजले. गाव उठण्यापूर्वी लोकांनी ग्रामदेवता सोमजाईची शेंदरी शिळा तेवढी उचलून कैलासगडाच्या सोंडेवर नेऊन बसवली होती. चैत्री पौर्णिमेला तिच्यापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान कोंडाजीच्या घराण्याचा. शिवेतल्या एकेका स्थळाचे नाव उच्चारायचे आणि ‘आई, याची राखण कर’ असे विनवायचे, हे ते गाऱ्हाणे. ज्याचे नाव घ्यायचे राहिले ते राखणीबाहेर गेले, अशी पूर्वजांची श्रद्धा. गाव बुडाले तरी राखण सुटू नये, म्हणून कोंडाजी वर्षानुवर्षे एवढ्या लांबून येत राहिला. आता गुडघ्यांनी साथ सोडली होती. मुलांना विचारावे तर ती म्हणत, “आबा, पाण्याची कसली राखण?” यंदा देवीचा कौल घेऊन मानातून मोकळे व्हायचे, एवढाच निश्चय बांधून तो निघाला होता.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईचा मुलगा देवू याने मामाला बैलगाडीतून सोंडेच्या पायथ्याशी आणले. तुळजाबाई धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत दिलेली. म्हणून तिचे घर तेवढे वाचले होते. सोंड चढताना कोंडाजी तीनदा बसला. वर पोचल्यावर समोर जलाशय उन्हात पसरलेला दिसला. पलीकडे घनगड, आणि त्याहून दूर तेलबैल्याच्या दोन जोडभिंती, आकाशाला टेकू दिल्यासारख्या. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तो घनगडावर गेला होता. आज त्या कड्याकडे पाहताना त्याला आनंद झाला नाही, दुःखही झाले नाही. फक्त फार चालल्यासारखे वाटले.

सोमजाईचा पुजारी कुशाबा वाट पाहत होता. शिळेच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. कुशाबाचे हात कापत असल्यामुळे पाकळ्या कोंडाजीनेच लावल्या.

“आई, मला मोकळं कर,” एवढे तो म्हणाला, आणि उजवी पाकळी टपकन खाली आली.

“दिला कौल!” कुशाबा हर्षाने म्हणाला.

“दिला कसला?” तुळजाबाई पुढे झाली. “उजवी कोरडीच लावली यानं. मी बघतीया की.”

“तुळजे, देवीसमोर तोंड सांभाळ,” कोंडाजी म्हणाला.

“तू हात सांभाळ, मग मी तोंड सांभाळते.”

कोंडाजीने आपल्या बोटांकडे पाहिले. त्याने जाणूनबुजून काही केले नव्हते. पण थकलेल्या मनाने हाताला परस्पर सांगितले असावे. तो ओशाळला. त्याने दोन्ही पाकळ्या तांब्यात नीट भिजवून पुन्हा लावल्या आणि पुन्हा तेच मागणे मागितले.

या वेळी एकही पाकळी हलली नाही. वाडीतली चार माणसे गाऱ्हाण्यासाठी येऊन बसली. ऊन कलले. दोन्ही पाकळ्या वाळून शिळेलाच चिकटल्या.

“देवी बोलत न्हाई,” कुशाबा हळूच म्हणाला. “अशा वक्ताला मानकऱ्यानं आपल्या मनानं चालायचं.”

जे ओझे देवीच्या पायांवर ठेवायला आणले, तेच तिने परत हाती दिले होते. कोंडाजीने पाण्याकडे पाहिले. मग म्हणाला, “देवू, गाऱ्हाणं तू घाल.”

कुशाबा दचकला. “बाबा, मान लेकीच्या घरात जात न्हाई.”

“लेकच हितं राहिली, कुशाबा. बाकी आमी समदे गेलो.”

तुळजाबाईने पदर डोळ्यांना लावला. देवू मात्र मागे सरकला. तिशीचा धिप्पाड गडी, पण चेहरा पडला. “मामा, मला न्हाई जमायचं. तुमची नावं मला ठावी न्हाईत. जल्मापून मी हितं पाणीच पायलंय.”

“तुला जे दिसतं ते सांग.”

देवू हात जोडून उभा राहिला. आधी अडखळला, मग त्याचा आवाज मोकळा झाला. “आई सोमजाई, म्हशी डुंबतात त्या खाचेची राखण कर. होडी लागते त्या खडकाची राखण कर. पाणी वसरल्यावर आमी गाळात पेरतो, त्या पट्टीची राखण कर.” असे तो सांगत गेला. ही नावे या शिळेने कधी ऐकली नव्हती. शेवटी तो म्हणाला, “आन् पाण्याखाली मामाचं गाव हाय, त्याची राखण कर.”

जोत्याचा आंबा, बामणाचा डोह, खंडोबाचे खळे, गायवाट, सतीची शिळा, आणि अशी बुडालेल्या शिवेतली कितीतरी नावे. ती सारी देवूच्या त्या एका वाक्यात मावली होती. कोंडाजीच्या जिभेवर ती नावे एकामागून एक आली. तोंड उघडले तर सांगता आली असती. पण गाऱ्हाणे एकाने घालायचे आणि बाकीच्यांनी त्याला रुकार द्यायचा, हा क्रम त्याला ठाऊक होता. मात्र रुकार देणाऱ्यांत तो आजवर कधी उभा राहिला नव्हता.

तो तुळजाबाईचा हात धरून उठला, वाडीतल्या माणसांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, आणि त्यांच्याबरोबर थकल्या आवाजात म्हणाला, “व्हय आई.”