फ्रीझरमधला उतावळा

मित्रांनो, मी बर्फाच्या डब्यात बसलोय आणि माझ्याकडे वेळ कमी आहे, म्हणून भराभर सांगतो. मी एक म्हातारा एन्झाइम आहे. पुस्तकात मला विकर म्हणतात. माझी जात तुमच्या रक्तात असते. तुम्ही उच्छ्वास सोडता ना, तो वायू बाहेर काढायला आम्हीच मदत करतो. तुमची पापणी लवेपर्यंत आमची ढीगभर कामं उरकलेली असतात. बसून राहणं आम्हाला जमतच नाही. आणि नेमका मीच वर्षानुवर्षं नुसता बसून आहे.

मी माणसाचा, पण माणसाचं रक्त मी कधी पाहिलं नाही. शहाडच्या एका कॉलेजातल्या वासंती मॅडमनी मला प्रयोगशाळेत घडवलं. मला बनवायची कृती माणसाच्या जनुकात असते. ते जनुक त्यांनी साध्या जिवाणूंमध्ये घातलं. ते बिचारे काचेच्या चंबूत वाढले आणि त्यांना स्वतःला काही उपयोग नसताना त्यांनी मला बनवलं. मग मॅडमनी मला गाळून, धुऊन, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरलं. मी काम केलं की चाचणीचं पाणी पिवळं होतं, आणि पहिल्याच चाचणीत मी त्याला हळदीसारखा पिवळा रंग आणला. "शहाणं गं माझं बाळ ते," मॅडम म्हणाल्या. मी काय फुगलो होतो तेव्हा.

पुढे एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी तळमजल्यावर शिरलं आणि मला बनवणारे जिवाणू त्यांच्यातल्या जनुकासकट गेले. वरच्या मजल्यावरच्या माझ्या भावंडांच्या नळ्याही वापरात संपल्या. शेवटी मी एकटा उरलो. मॅडमनी माझ्या झाकणावर लाल खूण केली. "याला कोणी हात लावायचा नाही. महत्त्वाच्या कामाला लागेल." तुमच्या घरी शोकेसमध्ये पाहुण्यांचे कप असतात ना, ज्यांत कधीच कोणी चहा पीत नाही? झालं, माझा तो कप झाला.

फ्रीझरमध्ये मला नुसती तगमग व्हायची. त्यात लाइट जायची. लाइट गेली की मी वितळायचो, आली की पुन्हा गोठायचो, आणि दर वेळी माझा थोडा भाग वाकडातिकडा होऊन कामातून जायचा. बाहेरून काही कळत नाही हो. मी आपला तसाच नितळ दिसायचो.

मग डोंबिवलीहून क्षिप्रा आली, पीएचडी करायला. तिच्या वडिलांना काचबिंदू आहे. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि नजर हळूहळू जाते. ते पाणी तयार होतं ते माझ्याच भावकीमुळे. हे ऐकून मला कसंसंच झालं. आहेत ते औषधाचे थेंब त्यांना सोसत नाहीत, म्हणून क्षिप्राने आम्हाला थांबवणारं एक नवं औषध बनवलेलं. ते खरंच थांबवतं का, हे माझ्यावरच बघायचं होतं.

"मॅडम, ती लाल नळी द्या ना."

"अगं, ती गेली की संपलं. अजून थोडं थांब."

असे कितीतरी महिने गेले. तिकडे तिच्या वडिलांना जिना उतरताना पायऱ्या दिसेनाशा झाल्या. मी आत बसून चरफडत होतो.

आज सकाळी विजेचा शटडाउन होता आणि जनरेटरही बंद पडला. मॅडमनी मला बाहेर काढलं, तर मी पार पाणी झालेलो.

"परत गोठवायचा का?" क्षिप्राने घाबरत विचारलं.

मॅडमनी माझी नळी उजेडात धरली. "गोठवला तर उरलासुरलाही जाईल. चूक माझी आहे. घे, आत्ताच लाव."

क्षिप्रा खालच्या रसवंतीतून बर्फ घेऊन आली. तिने खिडकीपाशी दोन नळ्या लावल्या. एकीत मी आणि तिचं औषध, दुसरीत नुसता मी. औषधाची नळी कोरीच राहिली.

"थांबवलं मॅडम. पिवळं नाही झालं."

"थांबवलं, की तो आधीच मेलेला होता? दुसरी नळी बघ."

दुसरीही कोरीच होती. क्षिप्राचा चेहरा उतरला. मित्रांनो, मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. ही नळी पिवळी झाली नसती, तर औषध खरं की खोटं हे कधीच कळलं नसतं. माझ्यात जेवढं शिल्लक होतं तेवढं मी कामाला लावलं. पाणी आधी लिंबू सरबतासारखं फिकट दिसलं. मग हळूहळू पिवळं झालं. चांगलं हळदीसारखं.

आणि शेजारच्या नळीत समोर काम असूनही मी थांबलेलो होतो, जन्मात पहिल्यांदा. एवढा उतावळा मी, पण तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही.

क्षिप्राने घरी वडिलांना फोन लावला; ती त्यांना भाऊ म्हणते. "भाऊ, अजून खूप बाकी आहे हां, बरीच वर्षं जातील. पण आज तो थांबला."

आता नळीत माझा एवढासाच थेंब उरलाय. मॅडम मला घेऊन सवयीने फ्रीझरपर्यंत गेल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. "क्षिप्रा, एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. पुन्हा करून बघ. हाही लाव."

मित्रांनो, घरी जाल तेव्हा शोकेसमधले ते कप काढा आणि त्यांत चहा प्या. मला आता बोलावलंय.