मान्साचं ताट

गावोगाव गाण्यांची नाटकं करणाऱ्या बोंझीमास्तरांच्या कॉन्सर्ट पार्टीत मान्साचं काम करायचं म्हणजे काय, हे सेकोंदीच्या किनाऱ्यापासून आत कोकोच्या मुलखापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मान्सा म्हणजे नाटकातली पोरकी पोर. सावत्र आई तिला उपाशी ठेवते, राबवून घेते, आणि मग मान्सा एकटी बसून मेलेल्या आईला गाण्यातून हाक मारते. त्या गाण्याला प्रेक्षकांतून एखादी बाई उठली पाहिजे. केळीच्या पानात बांधलेली केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा घेऊन तिनं थेट रंगमंचावर चढलं पाहिजे, ताट मान्सापुढे ठेवलं पाहिजे आणि उतरताना सावत्र आईला दोन शिव्या हासडल्या पाहिजेत. ताट आलं तर नाटक लागलं. नाही आलं तर टाळ्या कितीही पडोत, बोंझीमास्तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलत नसत.

आणि वीसेक वर्षं ते ताट ओटूमामानं खाल्लं होतं. हो, मामानंच! बायकांची कामं पुरुषांनी करायची हीच आपल्याकडची रीत होती. मामा पावडर थापायचा, छातीशी चिंध्या कोंबायचा, डोक्याला फडकं बांधून दोन पावलं टाकायचा, की खऱ्या बाया आपापल्या नवऱ्यांना डिवचून म्हणायच्या, बघा, बाई अशी असते. ताट आलं की तो तिथेच बसून सगळं खायचा. "आणणारीचा मान असतो तो, एक शीत टाकायचं नाही," असं सगळ्यांना बजावायचा.

पण देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली आणि मामाचा गळा गेला. वरच्या सुरात आवाज चिरकायचा. तशात इतर पार्ट्यांमधून कुठे कुठे बायका दिसू लागल्या होत्या. मास्तरांनीही मन घट्ट करून अराबाला घेतलं. सेकोंदीच्या बंदरावर भट्टीच्या धुरावर मासे सुकवणाऱ्या घरातली पोर, वय बाविशीचं, गळा असा की चर्चमध्ये तिच्या शेजारी उभं राहायला बाया नाखूष असत. सुरुवातीला ती पडद्यामागून साथ करायची. तेवढ्यावरूनही घरात रणकंदन माजलं. "नाटकवाली म्हणजे कोण हे जगाला माहीत आहे," असं मावश्या म्हणाल्या. आई काहीच म्हणाली नाही, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी ती गेलीच. अराबा दौऱ्यावरून धावत आली, मयताला बसली, बायका म्हणतात ते मर्तिकाचं गाणं गायला तोंड उघडलं, तर थोरली मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "तू नको. नाटकवालीचा गळा खोटा. खोट्या गळ्यानं खरं रडू नये."

अराबा उठली आणि पुन्हा लॉरीत येऊन बसली. तेव्हापासून तिनं मनाशी एकच धरलं होतं, मान्सा मी होणार.

झाली एकदाची, आणि फजिती ती काय सांगावी! ओटूमामाची एक एक लकब तिनं पडद्यामागून बघून पाठ केली होती. तसंच डोकं कलतं करायचं, तशीच बोटं छातीवर आपटायची, तशीच ठुमकत चालायची. तारक्वाच्या खाणकामगारांनी पहिल्याच खेळाला ओरडायला सुरुवात केली. "अरे, हा नवा गडी कुठून पकडून आणला? ह्याला बाईसारखं चालताही येत नाही!" "मास्तर, ह्याची दाढी तरी घोटून पाठवायची!" जन्मापासून बाई असलेली अराबा पडद्यामागे येऊन संतापानं रडली. ताट आलं नाही. पुढच्या गावीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. एका गावात तर एक बाई ताट घेऊन उठली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि स्वतःच मासा खात परत जाऊन बसली.

त्यावर मास्तरांनी तिला बोलावलं.

"हे बघ पोरी, मला आडपडदा ठेवता येत नाही. क्वान्सोला ह्या दौऱ्याचा शेवटचा खेळ. तिथे ताट आलं तर मान्सा तुझी, मी मरेपर्यंत तुझी. नाही आलं तर कपडे ओटूला परत, आणि तू मासळीच्या लॉरीनं मावश्यांकडे."

"मामांचा गळा चालत नाही, मास्तर."

"चिरका गळा चालतो. ताट चुकलेलं चालत नाही."

"मग आणून दाखवते," अराबा म्हणाली.

म्हणाली खरी, पण कसं आणणार हे तिलाच कुठे माहीत होतं? क्वान्सोला पोचल्यावर वाजंत्री मंडळी लॉरीच्या टपावर बसून गावात दवंडी पिटायला गेली. अंगणात ओटूमामा कोळशाच्या इस्त्रीनं मान्साचा झगा सारखा करत होता. आता तो त्याला घालायचा नव्हता, तरी इस्त्री दुसऱ्या कुणाला करू देत नसे. अराबा त्याच्यासमोर येऊन बसली.

"मामा, खरं सांगा. मी कुठे चुकते?"

"सांगितलं तर झोंबेल."

"झोंबू दे."

"तू माझ्यासारखी चालतेस."

"मग? ताटं तुम्हालाच तर मिळाली!"

"अगं गधडे, मी बायकांना बघून चालायला शिकलो. तू मला बघून शिकलीस. बाईचं सोंग घेतलेला बाप्या कसा चालेल, तशी तू चालतेस. लोक काय आंधळे आहेत? उसन्याचं उसनं घेऊन मिरवतेयस!"

झोंबलं, पण ती हलली नाही. मामानं झगा उलटा केला आणि आवाज जरा खाली आणला.

"लहानपणी मी मावश्यांच्या मागे मागे मयताला जायचो. त्या रडायच्या, मी डोळे फाडून बघायचो. हात कुठे जातो, मान कशी पडते. सगळं उचललं. फक्त त्यांचं मर्तिकाचं गाणं उचललं नाही. ते बायकांचं. माझी स्वतःची आई गेली तेव्हाही मी कोपऱ्यात गप्प बसलो. बाप्यानं ते म्हटलं तर लोक हसतात."

"आणि बाईनं म्हटलं तर? इथे, मान्साच्या गाण्याऐवजी?"

इस्त्री जागच्या जागी थांबली. झगा गळ्याशी थोडा करपला.

"वेड लागलंय का तुला? मयत नसताना ते गाणं तोंडातून काढायचं नसतं! मरण घर विचारत येतं. गाव आपल्याला दगड मारून हाकलेल, आणि मास्तर तर तुला लॉरीखालीच घालेल."

"मयत नसताना," अराबा म्हणाली.

"काय?"

"काही नाही, मामा. झगा द्या."

कोको खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगणात टेबलं जोडून रंगमंच केला होता. दोन्ही कडेला पेट्रोमॅक्स फुरफुरत होत्या. गाव आपापली स्टुलं घेऊन आलं होतं. अराबा नाटकभर मामासारखी ठुमकली नाही. बंदरावर टोपली डोक्यावर घेऊन चालायची तशी भराभर चालली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कुणी दाढीचं नावही काढलं नाही. मग मान्साच्या गाण्याची वेळ आली. गिटारवाल्यानं सुरुवात केली. अराबानं हात वर करून त्याला थांबवलं. पायातल्या चपला काढल्या. दोन्ही हात डोक्यावर ठेवले, आणि तोंड उघडलं.

"शामाच्या वाळूतल्या बोत्सेच्या लेके, तुझ्या भट्टीशी आज कोण बसलंय? धूर कुणाच्या डोळ्यांत जातोय? तिकडून कुणी इकडे येणार असेल, तर त्याच्या हाती एक मासा धाड. तुझी लेक अजून जेवली नाही."

ही काय भानगड आहे हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. मर्तिकाचं गाणं, आणि तेही लग्नाच्या हंगामात, दिव्यांच्या उजेडात, तिकीट काढून! पुढच्या ओळीतली ताविया आजी उठली. गावातल्या सगळ्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. तिनं अराबाकडे एकदा रोखून पाहिलं, स्टूल उचललं आणि चालती झाली. तिच्या मागोमाग दुसरी उठली, तिसरी उठली. बघता बघता बायकांची अख्खी बाजू रिकामी झाली. विदूषकाच्या वेषात पडद्याआड उभे असलेले बोंझीमास्तर मटकन खाली बसले. "मेलो! बुडवलं ह्या पोरीनं!" असं ते ओटूमामाला म्हणाले. मामाचं मास्तरांकडे लक्ष नव्हतं. तो ऐकत होता.

संपलं सगळं, आता मासळीची लॉरी, हे अराबाला अगदी स्वच्छ दिसलं. तरी ती थांबली नाही. आईचं गाणं अर्ध्यावर टाकून पळायचं असतं तर सुरूच कशाला केलं असतं? रिकाम्या स्टुलांकडे बघत ती गात राहिली. पुरुष माना खाली घालून बसले होते.

आणि बायका परत आल्या. अंगाला काळी आणि लाल वस्त्रं गुंडाळून, मयताला जाताना नेसतात ती. घरी जाऊन बदलून आल्या होत्या! ताविया आजी कुणाचा हात न धरता टेबलावर चढली, अराबापाशी आली आणि तिची हनुवटी धरून गालावरून, गळ्यावरून हात फिरवला.

"अगंबाई! ही तर खरीच पोरगी आहे!"

पुरुषांत हशा पिकला.

"दात काढू नका रे मेल्यांनो!" आजी कडाडली. मग अराबाला म्हणाली, "मयत कुणाचं आहे? खोटं बोललीस तर इथेच कानफटीन. मरणाची थट्टा मी ह्या गावात चालू देत नाही."

"माझ्या आईचं," अराबा म्हणाली. "एकुवा बोत्से, शामाची. दोन पावसाळे झाले. मला गाऊ दिलं नाही, आजी. म्हणाले, नाटकवालीचा गळा खोटा."

"आणि तेव्हापासून हे घशात घेऊन फिरतेयस?"

"हो."

आजीनं एक लांब श्वास सोडला आणि तिथेच टेबलावर फतकल मारून बसली. "मग पहिल्यापासून म्हण. आईला का कुणी अर्धं गाणं देतं? आम्ही साथीला आहोत."

अराबानं पहिल्यापासून म्हटलं. ह्या खेपेला प्रत्येक ओळीवर अंगणभरच्या बायकांनी साद दिली. तिची आई कोण, कुठली, हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. तरी त्या एकुवा बोत्सेच्या नावानं रडल्या, आणि अराबा पहिल्यांदा पोटभर रडली. गाणं संपल्यावर आजीनं कुणाला तरी खूण केली. केंके आली, मासा आला, तिखटाची वाटी आली. दुःखातलं माणूस आपल्या हातानं जेवायला बसत नाही, त्याला दुसऱ्यानं बसवावं लागतं. आजीनं पहिला घास तिच्या तोंडात घातला. मग वळून सावत्र आईचं काम करणाऱ्या मिशीवाल्या गड्याला तिनं अशा काही शिव्या दिल्या, की तो बिचारा पुढच्या दौऱ्याचे पहिले चार खेळ आवाज चढवायला घाबरत होता.

दुसऱ्या दिवशी लॉरी निघाली तेव्हा मास्तर खूश होते आणि चिंतेतही होते.

"मान्सा तुझी, शब्द म्हणजे शब्द. पण पोरी, पुढच्या दौऱ्याला काय? आई काय गावोगाव मरणार आहे का?"

"नाही. आईचं झालं. आता ते पुन्हा गाणार नाही."

"मग?"

सामानाच्या पेटीवर बसलेल्या ओटूमामानं खाकरून घसा साफ केला. "माझी आई होती की. आबा क्वान्सिमा, अनोमाबूची. तिचं मी कधी म्हटलं नाही." तो बाहेर रस्त्याकडे बघत होता. "तू म्हण. बाप्याला येत नाही ते."

अराबानं त्याचा हात धरला, आणि अनोमाबूपर्यंत ती त्याच्या आईची सगळी माहिती विचारत राहिली, ती कुठे बसायची, काय विकायची, रागावली की काय म्हणायची.

तिथून पुढे अराबाचं जे नाव झालं, ते सगळ्या किनाऱ्यानं पाहिलं. लॉरी गावात शिरली की बायका पडद्यामागे येऊन बसायच्या. "आज माझ्या बहिणीचं घे." "माझं लेकरू परदेशी गेलं ते तिकडेच मातीत गेलं, त्याचं घे." अराबा ऐकायची, एक नाव निवडायची, आणि ज्याचं खरंखुरं मयत आहे त्याचंच गायची. रडवायला खोटं नाव घ्या, असं एकदा एका नव्या नटानं सुचवलं, तर तिनं त्याला त्याच मुक्कामावरून घरी पाठवलं. लग्न केलं, मोडलं, दोन पोरं लॉरीत वाढवली. मास्तर थकल्यावर पार्टी तिनंच चालवली. ताट मात्र कधी चुकलं नाही.

मग एका वर्षी पार्टी सेकोंदीला आली. तिच्याच गावात, बंदराजवळच्या अंगणात. पडद्यामागे बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यात काठी टेकून थोरली मावशी.

"तुझ्या आईचं घे," मावशी म्हणाली. "तेव्हा मी तुला उठवलं. आज माझ्यासमोर म्हण."

अराबाच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ऐकायला तिनं किती वर्षं वाट पाहिली होती! पण तिनं मान हलवली.

"आज नाही, मावशी. आईचं गाणं झालंय, क्वान्सोला. आजचं नाव ठरलंय."

"माझ्या शब्दापेक्षा कोण मोठं आलं?"

"बसा पुढे. कळेल."

त्या दिवशी मान्साच्या अंगावर तोच जुना झगा होता, गळ्याशी इस्त्रीनं थोडा करपलेला. अराबानं चपला काढल्या, हात डोक्यावर ठेवले आणि हाक मारली. "आबा क्वान्सिमाच्या लेका, ओटू, मामा माझ्या, तुझा झगा आज इस्त्रीवाचून आहे. कोपऱ्यात गप्प बसू नकोस. हसणारं इथे कुणी नाही."

मामा जाऊन महिनाही झाला नव्हता. पुढच्या ओळीतल्या जुन्या बायांनी तोंडाला पदर लावले. वीस वर्षं त्यांनी ज्या मान्साला जेवू घातलं होतं, ती मान्सा म्हणजे मामाच. तरी साद द्यायला क्षणभर कुणी धजेना. नाटकातल्या बाप्यासाठी हे गाणं कुणी ऐकलंच नव्हतं. मग काठी आपटल्याचा आवाज आला, आणि पहिली साद थोरल्या मावशीनं दिली. फाटक्या, म्हाताऱ्या आवाजात, पण सगळ्यांच्या आधी. मग अख्खं अंगण उठलं.

ताटही मावशीनंच आणलं. दोघींनी धरून तिला वर चढवावं लागलं. मासा घरच्या भट्टीतला होता.

"मीठ कमी आहे," मावशी पुटपुटली. "तुझ्या आईसारखं मला जमत नाही."

"असू दे," अराबा म्हणाली. मामाचं ताट होतं ते, एक शीत टाकायचं नव्हतं. तिनं सगळ्या गावासमोर बसून काट्यापर्यंत मासा खाल्ला, हात धुतले, आणि गिटारवाल्याला पुढचं गाणं सुरू करायला सांगितलं.