शिशाच्या विटा

पडद्यावरची रेघ काही केल्या उठेना. प्रयोग चालवणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. मामा मागे स्टुलावर बसून रेघेकडे बघत होते.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले फिटर. नोकरी संपत आलेली. सगळा जन्म एकाच कामात घातला: नखाएवढा पातळ स्फटिक पकडीत बसवायचा आणि स्क्रू हळूहळू आवळत त्याला धनुष्यासारखा बाक द्यायचा. जरा जास्त पिळला की टक्, गेला. बाक जमला, की त्यातून सोडलेले इलेक्ट्रॉन त्या वळणानं धावतात आणि धावता धावता गामा किरण फेकतात. ते टिपायला बाईंनी पुढे डावीकडे यंत्र मांडलं होतं, भोवती शिशाच्या विटांची भिंत रचून. किरण त्यात आले, की पडद्यावरची रेघ वर उठायची. हा स्फटिक शेवटचा. आधीचे मामांच्याच हातून तुटले होते, आणि बाईंनी चकार शब्द काढला नव्हता.

स्फटिक पकडीत कसा बसवला, ते मामा मनातल्या मनात आठवू लागले. हल्ली उजवा हात कापायचा. म्हणून या खेपेला ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते, भिंतीला कोपर टेकवायला. बसायची जागा बदलली, डावं-उजवं मात्र डोक्यात जुनंच राहिलं.

“बाई, बाक उलटा दिलाय मी. उजवीकडं,” मामा म्हणाले. “हात कापतो माझा. सांगितलं नाही कुणाला.”

पडद्यापाशी जमलेले सगळे शास्त्रज्ञ वळले. बाजू फिरवायची तर पकड सोडावी लागणार, आणि सोडली की स्फटिक मेलाच. शिवाय उद्यापासून इलेक्ट्रॉनचा झोत वापरायची पाळी दुसऱ्या गटाची.

“ते आम्हाला कधीचं माहितीये, मामा,” बाई म्हणाल्या. “चहा अर्धा कपच का घेता तुम्ही, कळत नाही होय? बाक कसा आलाय?”

“बाक झकास आलाय.”

“मग त्याला हात लावायचा नाही. यंत्र उजवीकडे नेऊ.”

झोत बंद केला, यंत्राच्या खोलीचं दार उघडलं, आणि मोठमोठे शिकलेले लोक बाह्या सरसावून विटा वाहू लागले. एक जाडा डॉक्टर धापा टाकत म्हणाला, एवढं शिकून शेवटी गवंड्याच्या हाताखालीच आलो. मामा वाकले तर त्यांच्या हातातली वीट बाईंनी काढून घेतली.

पुन्हा झोत सोडला. सगळे तसेच मळक्या हातांनी पडद्यापुढे उभे. रेघ थरथरली आणि टेकाडासारखी वर आली. मामांचा जीव भांड्यात पडला. ही माणसं आपल्याला मिळाली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

चहा आला. “शिसं आहे हाताला, कपाला शिवू नका,” मामांनी दम भरला आणि तांब्या घेऊन मोरीपाशी उभे राहिले. एकेक जण हात पुढे करत गेला.

बाई शेवटी आल्या. मामांच्या हातातली धार इकडे तिकडे हलत होती. बाई धार जाईल तिकडे आपली ओंजळ नेत राहिल्या.